फेअरबँक्स हाउस, डेडहॅम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या वसाहतकारांच्या घरांबद्दल लिहायला लागल्यापासून सगळ्यात जास्त विचारणा होते ती मॅसॅच्युसेट्समधल्या या एका लाकडी घराची. कुणी बॉस्टनला मुलाकडे किंवा मुलीकडे जाताना विचारतात, कुणी नुसता फोटो पाहून. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत असल्याने उत्तरे इथे एकत्र केली आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, वादाचे नंतर.

१. हे घर कुठे आहे आणि कुणाचे?

बॉस्टनच्या नैर्ऋत्येला साधारण १५ किलोमीटरवर डेडहॅम नावाचे गाव आहे. तिथल्या ईस्ट स्ट्रीटवर हे घर उभे आहे. जोनाथन फेअरबँक्स आणि त्याची बायको ग्रेस यांनी ते बांधून घेतले. त्यानंतर एकाच घराण्याच्या आठ पिढ्या १९०४ पर्यंत तिथे नांदल्या. आज ते ‘फेअरबँक्स फॅमिली इन अमेरिका’ या वंशजांच्या संस्थेच्या मालकीचे संग्रहालय आहे. १९६० मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

२. जोनाथन फेअरबँक्स कोण होता? मोठा माणूस होता का?

नाही, आणि म्हणूनच त्याचे घर मोलाचे आहे. गव्हर्नर, पाद्री, व्यापारी यांची नावे इतिहासात आपोआप टिकतात. जोनाथन मात्र इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या हॅलिफॅक्स भागातून, म्हणजे लोकरीच्या मुलखातून, १६३३ मध्ये बायकोमुलांसह बॉस्टनला आलेला बेताच्या ऐपतीचा माणूस होता. त्याला सहा मुले होती. डेडहॅम गाव १६३६ मध्ये वसले तेव्हा तो पहिल्या काही कुटुंबांत होता. गावाचा करारनामा होता. तो मान्य करून सही करील त्यालाच जमीन मिळे. लग्न झालेल्याला घरासाठी १२ एकर, एकट्याला ८ एकर. जोनाथनची सही त्या करारनाम्यावर आहे.

त्याच्या स्वभावाची एक खूण गावच्या चर्चच्या नोंदीत सापडते. डेडहॅमचे चर्च १६३८ मध्ये स्थापन झाले, पण जोनाथन सभासद झाला तो १६४६ मध्ये. सभासद व्हायचे तर आपल्या श्रद्धेची कबुली सगळ्यांसमोर द्यावी लागे, आणि त्याला ते पटत नव्हते. ज्या गावात चर्च हाच सगळ्याचा केंद्रबिंदू होता तिथे आठ वर्षे बाहेर राहायला हिंमत लागते. तो १६६८ मध्ये वारला आणि घर थोरल्या मुलाकडे, जॉनकडे गेले.

३. घर नेमके कधीचे? कुठे १६३६ लिहितात, कुठे १६३७, कुठे १६४१.

१६३६ हे गाव वसल्याचे वर्ष. जुन्या पुस्तकांत आणि पोस्टकार्डांवर तेच घराच्या माथी मारले गेले. लाकडाच्या तपासणीतून मात्र असे दिसले की घरातली जुनी लाकडे १६३७ ते १६४१ या काळात तोडलेली झाडे आहेत. म्हणजे मूळ घर १६४१ च्या सुमारास उभे राहिले असे धरणे योग्य. १६३७ लिहिणारे सगळ्यात आधी तोडलेल्या झाडाचे वर्ष घेतात, १६४१ लिहिणारे शेवटच्या. माझ्या मते दुसरी पद्धत बरोबर आहे, कारण सगळे लाकूड हाती आल्याशिवाय घर पुरे होत नाही.

४. लाकडावरून वर्ष कसे काय कळते?

झाड दरवर्षी एक कडे वाढते. पाऊसपाणी चांगले झाले की कडे रुंद, दुष्काळ पडला की अरुंद. एका भागातल्या ओकच्या झाडांत रुंद-अरुंद कड्यांचा क्रम सारखाच येतो. तज्ज्ञ तुळईत बारीक पोकळ गिरमिट घालून पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी काढतात, सूक्ष्मदर्शकाखाली कडी मोजतात आणि त्या भागासाठी आधीच तयार असलेल्या क्रमाशी जुळवून पाहतात.

सगळी भिस्त शेवटच्या कड्यावर असते. तुळईच्या एखाद्या कोपऱ्यावर सालीखालचा पृष्ठभाग तासला गेला नसेल, तर झाड कोणत्या वर्षी पडले हेच नव्हे, हिवाळ्यात पडले की उन्हाळ्यात तेही सांगता येते. तो भाग तासून गेला असेल तर ‘या वर्षानंतर केव्हातरी’ इतकेच हाती लागते. या पद्धतीच्या आणखी अडचणी प्रश्न १४ मध्ये आहेत.

५. घराचा सांगाडा इंग्लंडहून जहाजातून आणला होता असे ऐकले. खरे का?

ही आख्यायिका फार जुनी आणि फार लाडकी आहे. खरी मात्र नाही. लाकडातली कडी मॅसॅच्युसेट्समधल्या ओकच्या क्रमाशी जुळतात, झाडे तिथलीच. शिवाय साधा विचार करा. चहूकडे ओकचे जंगल उभे असताना अटलांटिकवरून ओक वाहून कोण आणील? जहाजात जागा लागायची ती माणसांना, गुरांना, बियाण्याला आणि लोखंडाला.

इंग्लंडहून आले ते बांधण्याचे कसब. सांधा कसा घ्यायचा, तुळई कुठे टाकायची, धुराडे मधोमध ठेवले की खोल्या कशा बसवायच्या, हे सगळे सुतारांच्या हातात होते.

६. बांधले कसे? खिळे नव्हते म्हणतात.

खिळे होते, पण एकेक खिळा लोहाराने हाताने ठोकलेला, म्हणून महाग. ते फळ्यांसाठी राखून ठेवत. सांगाडा खिळ्यांवर उभाच नसे. एका लाकडाच्या टोकाला कूस काढायची, दुसऱ्यात तेवढेच भोक पाडायचे, दोन्ही बसवून आरपार ओकची खुंटी ठोकायची. दोन्हींतली भोके मुद्दाम किंचित सरकवून पाडत, म्हणजे खुंटी आत जाताना सांधा आपोआप आवळला जाई.

ओक ओलाच वापरत. वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. ओला असताना तो कुऱ्हाडीने आणि तासणीने नीट कापता येतो. मग घर उभे राहिल्यावर लाकूड जागच्या जागी वाळे, आकसे, थोडे पिळवटे आणि सांधे आणखी घट्ट बसत. आज तुळयांवर ज्या लांब चिरा दिसतात त्या या वाळण्याच्या आहेत, मोडण्याच्या नाहीत.

सुतार सगळे तुकडे आधी जमिनीवर मांडून जुळवत आणि प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना छिन्नीने रोमन आकडे कोरत. रोमन आकड्यांत सरळ रेघाच असतात, त्या छिन्नीने पटकन निघतात. मग सांगाडा सुटा करायचा आणि गावकऱ्यांना जमवून एकेक चौकट उभी करायची. त्या काळच्या घरांत माळ्यावर टॉर्च तिरका धरला की हे आकडे अजून वाचता येतात. मला या घरांत सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच, कारण ज्या सुताराचे नाव कुठल्याच कागदावर नाही त्याचे हस्ताक्षर इथे आहे.

छताचा मुख्य भार घेणारी जाड तुळई खोलीच्या मधोमध जाते आणि तिच्यात दोन्ही बाजूंनी लहान आडव्या तुळया बसवतात. भिंतीच्या खांबांमधली जागा काटक्या आणि माती यांनी भरत. कोकणातली कुडाची भिंत पाहिली असेल तर वेगळे समजावायला नको. फरक इतकाच की न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स ज्यात येते त्या अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्याच्या, वाऱ्यापावसात नुसती माती टिकत नाही, म्हणून बाहेरून एकीवर एक चढवलेल्या फळ्या ठोकल्या. छपरावर लाकडी कौले. सुरुवातीला लोक गवताने शाकारत, पण आगी फार लागत. बॉस्टनमध्ये १६३१ मध्येच गवती छप्पर आणि लाकडी धुराडे या दोन्हींना मनाई झाली होती.

७. म्हणजे हे ओंडक्यांचे घर नाही? पहिले वसाहतकार ओंडक्यांच्या झोपड्यांत राहत ना?

नाही. ओंडके आडवे रचून घर बांधण्याची पद्धत स्वीडन आणि फिनलंडमधून आलेल्या लोकांची. त्यांची वसाहत १६३८ पासून डेलावेअर नदीकाठी होती. इंग्रजांना ती पद्धत माहीतच नव्हती. त्यांनी आपल्या मुलखासारखी चौकटीची घरे बांधली. ओंडक्यांच्या घराचे चित्र पुढच्या काळात सगळ्याच वसाहतकारांना चिकटवले गेले.

८. फोटोत घर इतके वेडेवाकडे का दिसते?

कारण ते एका वेळी बांधलेले नाही. मूळ घर म्हणजे मधोमध विटांचे भलेमोठे धुराडे, त्याच्या एका बाजूला स्वयंपाकाची आणि वावरायची खोली, दुसऱ्या बाजूला बैठकीची, आणि वर दोन खोल्या. पुढच्या दारातून आत गेले की समोर धुराड्याचाच भाग येतो. पुढे मागच्या बाजूला लांब उताराची पडवी काढली गेली. तिचे छप्पर जवळपास जमिनीला टेकायला जाते. नंतर दोन्ही अंगांना दुमडत्या उताराच्या छपरांची दालने जोडली. कुणी जुने पाडून नवे बांधले नाही, लागेल तसे वाढवत गेले.

आढ्याला पडलेला बाक मात्र वयाचा आहे. ओला ओक वाळतानाचा पीळ, शतकानुशतकांचे बर्फाचे ओझे आणि जमिनीजवळच्या लाकडाची कूज, या तिन्हींचा तो परिणाम. हा बाक सरळ करून टाका असे पुष्कळ जण सुचवतात. तसे करू नये असे मी ठामपणे म्हणेन. सांधे आता त्या बाकातच बसलेले आहेत. ओढून सरळ केले तर खुंट्या तुटतील.

९. त्या थंडीत लोक अशा घरात राहत कसे?

अवघडच होते. उष्णतेचा मोठा भाग धुराड्यातून वर निघून जाई. न्यू इंग्लंडमधल्या साध्या घराला वर्षाला ३०-४० कॉर्ड जळण लागे, आणि एक कॉर्ड म्हणजे आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच अशी लाकडांची रास. खिडक्या लहान, काचा छोट्या छोट्या आणि शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या. छत खाली, दारे बुटकी, म्हणजे तापवायची हवा कमी. सगळे कुटुंब एका आगीभोवती स्वयंपाक, सूतकताई, शिवणटिपण आणि झोपणे उरकत असे. एकांत नावाची चीज नव्हती.

१०. भिंतीत जुने जोडे सापडले म्हणे. ते कशासाठी?

अशा घरांत हे आढळते, आणि इथेही आढळले. झिजलेला जोडा धुराड्याजवळ किंवा भिंतीच्या पोकळीत मुद्दाम दडवून ठेवायचा, आणि लाकडावर कंपासने सहा पाकळ्यांचे फूल कोरायचे, ही इंग्लंडमधून आलेली चाल. दुष्ट शक्ती घरात शिरते ती दार, खिडकी, धुराडे अशा उघड्या जागांतून, म्हणून राखण तिथेच. गंमत म्हणून हसून सोडून देऊ नका. प्युरिटन, म्हणजे या वसाहतीतल्या कडक ख्रिस्ती पंथाचे, धर्मगुरू असल्या गोष्टींना अंधश्रद्धा म्हणत, तरी लोक करत राहिले, आणि कुणी लिहून ठेवले नाही. या श्रद्धेचा पुरावा कागदात फारसा नाही. तो लाकडात आणि भिंतीत आहे.

११. ती जमीन आधी कुणाची होती?

हा प्रश्न कमी येतो, खरे तर पहिला यायला हवा. ही मॅसॅच्युसेट या मूळनिवासी लोकांची भूमी. वसाहत येण्याआधीच, १६१६ ते १६१९ या काळात, युरोपियन जहाजांबरोबर आलेल्या साथीने किनाऱ्यावरची गावेच्या गावे ओस पडली होती. इंग्रजांना जी ‘मोकळी’ जमीन दिसली तिच्यात पूर्वी नांगर न लावता मक्याची शेते होती.

पुढची हकीकत जास्त बोलकी आहे. ख्रिस्ती झालेल्या मूळनिवासींसाठी १६५१ मध्ये शेजारीच नेटिक गाव वसवले गेले. ती जमीन आमची आहे म्हणून डेडहॅमने त्यांच्याशी वर्षानुवर्षे भांडण चालवले. शेवटी वसाहतीच्या सभेने नेटिकची जमीन नेटिककडे ठेवली आणि डेडहॅमला भरपाई म्हणून दुसरीकडे ८,००० एकर दिले. ते एकर कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात, पोकमटक लोकांच्या मुलखात, आज जिथे डीअरफील्ड आहे तिथे काढले गेले. १६७५ मध्ये इंग्रज वसाहतकार आणि मूळनिवासी यांच्यात युद्ध पेटल्यावर नेटिकच्या लोकांना बॉस्टनच्या बंदरातल्या डीअर आयलंडवर नेऊन ठेवले आणि त्या हिवाळ्यात तिथे पुष्कळ जण थंडीने व उपासमारीने मेले. फेअरबँक्स घराची कहाणी सांगताना ही वगळली तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होते.

१२. या घरातल्या मुलाला फाशी झाली होती का?

हो. जेसन फेअरबँक्स, वय साधारण २०. १८ मे १८०१ रोजी एलिझाबेथ फेल्स ही १८ वर्षांची मुलगी गावाबाहेरच्या कुरणाजवळ चाकूच्या वारांनी मेली. जेसन स्वतःही जखमी अवस्थेत तिच्या घरी पोचला आणि तिने आत्महत्या केली, मलाही मरायचे होते, असे म्हणाला. लहानपणच्या आजारपणाने त्याचा उजवा हात अधू होता, त्यावर बचाव पक्षाने भर दिला. हॅरिसन ग्रे ओटिससारखा नावाजलेला वकील त्याच्या बाजूने उभा होता. गर्दी इतकी की खटला गावच्या प्रार्थनागृहात चालवावा लागला. शिक्षा झाल्यावर तो तुरुंगातून पळाला, कॅनडाच्या वाटेवर पकडला गेला आणि १० सप्टेंबर १८०१ रोजी डेडहॅममध्ये फासावर गेला.

घर पाहायला जाणारे बहुतेक जण जेसनबद्दल विचारतात, एलिझाबेथबद्दल फार थोडे. निदान तिचे नाव लक्षात ठेवा.

१३. इतकी वर्षे घर वाचले कसे?

श्रीमंती आली नाही म्हणून. पैसा हाती खुळखुळला असता तर १८ व्या शतकातच ते पाडून नव्या धाटणीचे घर उठले असते. १९ व्या शतकात ते सांभाळले ते घराण्यातल्या अविवाहित स्त्रियांनी: प्रूडन्स, सारा आणि नॅन्सी या बहिणी, आणि त्यांच्यानंतर भाची रिबेका. मोठा फेरफार करण्याची ऐपत नव्हती, पण सोडून जाण्याची इच्छाही नव्हती. १८९२ मध्ये घरावर वीज पडली, रिबेकाचा कुत्रा मेला, ती वाचली. पुढे घर विकण्याची वेळ आली आणि ते पडते की काय अशी अवस्था झाली. तेव्हा बॉस्टनच्या कॉडमन घराण्यातल्या मायलेकींनी ते घेऊन ठेवले आणि रिबेकाला तिथेच राहू दिले. वंशजांची संस्था १९०२ मध्ये उभी राहिली, तिने १९०४ मध्ये घर विकत घेतले आणि ते लोकांसाठी खुले केले.

जोनाथनच्या नावाचा जितका गजर होतो तितका या चौघींचा होत नाही. मला हे खटकते. बांधले त्याने, राखले यांनी.

१४. हे खरेच अमेरिकेतले सर्वांत जुने घर आहे का?

तसे म्हणू नका. ‘उत्तर अमेरिकेत अजून उभे असलेले सर्वांत जुने लाकडी चौकटीचे घर’ असा पूर्ण दावा आहे, आणि त्यातला प्रत्येक शब्द लागतो. न्यू मेक्सिकोतले ताओस प्वेब्लो याहून कितीतरी जुने, पण मातीच्या विटांचे. सांता फेमधला गव्हर्नरांचा वाडा १६१० चा, तोही मातीचा. कनेक्टिकटमधल्या गिलफर्डचे व्हिटफील्ड हाउस १६३९ चे, पण दगडी. न्यू जर्सीतले नॉथनागल घर १६३८ च्या सुमाराचे सांगतात, ते ओंडक्यांचे (प्रश्न ७).

मॅसॅच्युसेट्समधले इतर दावेदार लाकडाच्या तपासणीत मागे पडले. बेव्हर्लीचे बाल्च हाउस पिढ्यानपिढ्या १६३६ चे म्हणून दाखवले जाई. लाकूड निघाले १६७९ च्या आसपासचे. इप्सविचचे व्हिपल हाउस १६५५ चे मानत, ते १६७७ चे ठरले. न्यूबरीचे कॉफिन हाउस १६५४ वरून १६७८ वर आले. यात कुणी खोटे बोलले असे नाही. कुटुंबाला जमीन मिळाल्याचे वर्ष कागदावर असते, लोक तेच घराचे धरतात. पहिले घर पडून त्याच जागी दुसरे उभे राहिले हे विसरले जाते.

आता पद्धतीच्या मर्यादा. जुन्या घराची तुळई काढून नव्यात वापरली असेल तर लाकूड घराहून जुने निघते. म्हणून एका तुळईवर निकाल देत नाहीत. वेगवेगळ्या भागांतली लाकडे एकाच काळाकडे बोट दाखवतात का ते पाहतात. फार भरभर वाढलेल्या झाडात कडी थोडी असतात, आणि मग जुळणी होतच नाही.

१५. आपल्याकडे याहून कितीतरी जुन्या वास्तू आहेत. याचे एवढे कौतुक कशाला?

जुन्या दगडी वास्तू आहेत, शंकाच नाही. पण लाकूड वेगळे. शनिवारवाड्याचे तट उभे आहेत, लाकडी मजले १८२८ च्या आगीत गेले. साध्या माणसाचे राहते लाकडी घर, जमिनीपासून आढ्यापर्यंत, वर्ष सिद्ध झालेले आणि एकाच घराण्याच्या हातात राहिलेले, हे कुठेही दुर्मीळ आहे. आपल्या गावोगावच्या जुन्या घरांतल्या सागवानी तुळया दलालांना विकल्या जात आहेत. सागातही वार्षिक कडी असतात, त्यावर भारतात अभ्यासही झाला आहे. म्हणून जुने घर उतरवण्याआधी निदान खांब-तुळयांची मापे, फोटो आणि सांध्यांवरच्या खुणा नोंदवून ठेवा, ही कळकळीची विनंती.

१६. घर आतून पाहता येते का?

येते, पण वर्षभर नाही. तिथल्या उबदार महिन्यांतच आणि वाटाड्याबरोबर. तारखा दर वर्षी ठरतात, म्हणून निघण्याआधी संग्रहालयाकडून खात्री करून घ्या. जमीन उंचसखल, दारे बुटकी, जिना चढा आणि अरुंद आहे. आईवडिलांना नेणार असाल तर गुडघ्यांचा विचार आधी करा. तळमजला आणि बाहेरचा भाग पाहूनही पुष्कळ कळते.

१७. अभिनेता डग्लस फेअरबँक्स याच घराण्यातला का? आणि अलास्कातले शहर?

अभिनेत्याचे जन्मनाव उल्मन. त्याच्या आईच्या पहिल्या नवऱ्याचे आडनाव फेअरबँक्स होते, तेच पुढे मुलांनी लावले. रक्ताचे नाते नाही. अलास्कातल्या शहराला नाव मिळाले ते सिनेटर चार्ल्स फेअरबँक्सवरून. तो १९०५ ते १९०९ अमेरिकेचा उपाध्यक्ष होता आणि जोनाथनचा वंशज होता. व्हरमाँटमध्ये प्लॅटफॉर्मचा वजनकाटा काढणारा थॅडियस फेअरबँक्स हाही याच वंशातला. आडनाव सारखे म्हणून नाते जोडणारे बरेच भेटतात. वंशावळ पक्की करायची असेल तर संस्थेकडेच विचारावे.